भारतातील ब्रिटिश अधिकाऱ्यांची घरची पत्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश अमदानीत भारतात नोकरीला असलेल्या अधिकाऱ्यांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी विलायतेतील आप्तांना लिहिलेली पत्रे स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून कशी वापरावीत, याविषयी गावोगावचे अभ्यासक, पदव्युत्तर विद्यार्थी आणि आपल्या घराण्याचा इतिहास लिहू पाहणारे वाचक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे अशी मांडणी ठेवली आहे. एकच मुद्दा दोन ठिकाणी लागत असेल तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भर मुंबई इलाख्यावर आहे.

१. घरची पत्रे आणि सरकारी पत्रव्यवहार यांतला फरक कसा ओळखायचा?

अधिकाऱ्याच्या हातून साधारणपणे तीन तऱ्हेचे कागद लिहिले जात. सरकारी पत्राला जावक क्रमांक व विषय असतो आणि ते कलेक्टर, कमिशनर, मुंबई सरकार अशा ठरलेल्या पायऱ्यांनी वर किंवा खाली जाते. अर्धसरकारी पत्रात दोन अधिकारी एकमेकांना नावाने संबोधून कामाविषयीच, पण अधिक मोकळेपणाने लिहितात. तिसरी घरची पत्रे, म्हणजे आईवडील, भावंडे, पत्नी किंवा मुले यांना लिहिलेली. प्रत्यक्ष गठ्ठ्यात या तिन्हींची सरमिसळ असते, कारण निवृत्त होऊन जाताना अधिकारी आपली अर्धसरकारी पत्रेही खासगी समजून बरोबर नेत असे.

याखेरीज रोजनिशीवजा पत्रांचा एक वर्ग आहे. व्हॉइसरॉयची पत्नी लेडी डफरिन हिने १८८४ ते १८८८ या काळात लिहिलेली रोजनिशी आईला पाठवण्यासाठी होती आणि तिच्यातील निवडक भाग १८८९ मध्ये छापला गेला. अशा लेखनाला रोजनिशी म्हटले, तरी ते कोणीतरी वाचणार हे लिहिणारीला पहिल्या ओळीपासून ठाऊक असते, म्हणून त्याला पत्राचीच कसोटी लावावी.

२. ही पत्रे लिहीत कोण, आणि कोणाला?

कंपनीच्या काळात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा भारतात येई आणि त्याची पत्रे आईवडील व बहिणींना जात. पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेल्या टॉमस मन्रो याने १७८९ मध्ये बहिणीला लिहिलेले पत्र या वर्गातील प्रसिद्ध उदाहरण आहे. हिंदुस्थानात गेलेला माणूस ऐषारामात लोळतो, ही घरची समजूत खोडून काढताना त्याने आपली तुटपुंजी मिळकत, अंथरूण-पांघरूण आणि कपडे यांचा सविस्तर पाढा वाचला आहे.

वाफेच्या बोटी सुरू झाल्यावर, आणि विशेषतः सुवेझ कालवा झाल्यानंतर, अधिकाऱ्यांच्या पत्नी मोठ्या संख्येने येऊ लागल्या. त्यानंतरच्या संग्रहांत घरच्या पत्रांचा मोठा वाटा स्त्रियांच्या हातचा असतो. पती दिवसभर कचेरीत असे, तेव्हा दोघांच्या वतीने पत्नीच लिही. त्यामुळे एखाद्या कलेक्टरविषयी शोध घेताना केवळ त्याच्या सहीची पत्रे पाहून थांबू नये. त्याच्या जिल्ह्याची अधिक तपशीलवार हकीकत पुष्कळदा पत्नीच्या पत्रांत मिळते.

३. पत्र पोचायला किती दिवस लागत?

या प्रश्नाचे उत्तर दशकागणिक बदलते, आणि ते माहीत नसेल तर पत्रांचा अर्थच चुकीचा लागतो. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजाने पत्राला चार ते सहा महिने लागत, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर हाती येईपर्यंत वर्ष उलटे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेवर चालणारी बोट १८३० मध्ये मुंबईहून सुवेझला गेली आणि तांबड्या समुद्राचा मार्ग वाफेच्या बोटींना शक्य आहे हे दिसून आले. त्यानंतर सुवेझपर्यंत बोट, तेथून इजिप्तच्या भूमीवरून अलेक्झांड्रिया, आणि पुढे भूमध्य समुद्र अशी वाट रुळली. १८४० च्या दशकात या वाटेने पत्र पाच-सहा आठवड्यांत पोचू लागले. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, इटलीतील ब्रिंडिसी बंदरातून टपाल आगगाडीने पुढे जाऊ लागले आणि मुदत सुमारे तीन आठवड्यांवर आली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती पंधरवड्यावर आली.

विमानटपालाने हा हिशेब पुन्हा बदलला. ३० मार्च १९२९ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीकडे पहिले नियमित टपाल निघाले आणि हे अंतर आठवडाभराचे झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले, तेव्हापासून मुंबई या हवाई वाटेला जोडली गेली.

वाचताना याचा उपयोग असा : १८२० मध्ये पुण्याहून मुलाने वडिलांच्या तब्येतीची चौकशी केली असेल, तर ती पाच-सहा महिन्यांपूर्वीच्या बातमीवर आधारलेली आहे, आणि वडील त्या दिवशी हयात नसण्याचाही संभव आहे. दोन पत्रांतील विसंगती पुष्कळदा अशा अंतरातून निर्माण झालेली असते. लपवाछपवीचा निष्कर्ष काढण्यापूर्वी टपालाचे दिवस मोजावेत.

४. तारायंत्र आल्यावर पत्रे कमी झाली का?

नाही. भारत व इंग्लंड १८६५ मध्ये तारेने जोडले गेले आणि १८७० मध्ये मुंबईला समुद्राखालची तार आली, परंतु शब्दागणिक दर इतका भारी होता की जन्म, मृत्यू, गंभीर आजार आणि बदली एवढ्यापुरतीच घरची माणसे तार करीत. त्यानंतरच्या पत्रांत एक नवा प्रकार दिसतो : घटना तारेने आधीच कळलेली असते, म्हणून पत्रात ती सांगितलेलीच नसते आणि पत्र थेट तपशिलात शिरते. अशा वेळी पत्र अर्धवट वाटते. ते अर्धवट नसते, त्याचा पहिला भाग तारेत गेलेला असतो.

५. सगळी पत्रे आठवड्याच्या एकाच वारी लिहिलेली का दिसतात?

१८६० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईहून दर आठवड्याला विलायतेची डाक निघू लागली. बोटीचा दिवस ठरलेला असल्यामुळे प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी डाक बंद होण्याची वेळ ठरलेली होती. मुंबईपासून ठिकाण जितके दूर, तितकी ती आधी. आठवडाभर थोडे थोडे लिहून शेवटच्या तासात घाईने आवरलेली पत्रे म्हणूनच इतकी आढळतात. बोट चुकू नये म्हणून वाक्य मध्येच तोडलेले असते. अनेक जणी पत्रांवर अनुक्रमांक घालीत, म्हणजे मधले एखादे गहाळ झाल्यास घरी कळावे. संग्रह वाचताना हे क्रमांक आधी उतरवून घ्यावेत, कारण कोणती पत्रे आज नाहीत हे त्यावरूनच समजते.

काही पत्रे वाटेतच बुडाली. ‘पर्शिया’ ही बोट मुंबईकडे येत असताना ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली, आणि ‘इजिप्त’ ही बोट मे १९२२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ टक्कर होऊन बुडाली. या तारखांच्या आसपास विलायतेहून पत्र न आल्याची काळजी एखाद्या पत्रात दिसली, तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

६. विलायतेला गेलेलीच पत्रे का सापडतात? तिकडून आलेली कुठे गेली?

जपून ठेवणारी व्यक्ती ज्या बाजूला स्थिर होती, त्या बाजूची पत्रे टिकली. इंग्लंडमधील आई एकाच घरात वीस वर्षे राही आणि मुलाचे प्रत्येक पत्र फितीने बांधून ठेवी. इकडे अधिकाऱ्याची दर दोन-तीन वर्षांनी बदली होई, सामानाचा लिलाव होई, आणि उरलेल्या कागदांचा समाचार वाळवी व पावसाळा घेत. परिणामी आपल्यासमोर बहुतेक वेळा संवादाची एकच बाजू असते. ‘तू विचारलेस त्याविषयी’ अशी सुरुवात असलेल्या परिच्छेदात काय विचारले होते, हे उत्तरावरूनच ताडावे लागते.

कागद मुद्दाम किंवा युद्धात नष्ट झाल्याचीही उदाहरणे आहेत. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, त्या दिवशी पेशव्यांच्या फौजेने पुण्यातील संगमावरची रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज वकिलाचे ठाणे, जाळली आणि तेथील वकील (रेसिडेंट) माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचा ग्रंथसंग्रह व कागद त्या आगीत गेले. इंग्रज लेखक रड्यर्ड किपलिंग याने आईवडिलांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९१०-११ च्या सुमारास, त्यांची बरीच कागदपत्रे जाळून टाकली. त्याचे वडील मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते, त्यामुळे हे नुकसान मुंबईच्या इतिहासाचेही आहे.

७. ही पत्रे आज कुठे पाहायला मिळतात?

सर्वांत मोठा साठा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधील खात्याच्या) दप्तरांबरोबर ठेवलेल्या खासगी कागदपत्रांत आहे. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय व दप्तर १९८२ मध्ये ब्रिटिश लायब्ररीकडे आले. तेथील खासगी संग्रहांच्या क्रमांकाआधी ‘एमएसएस युर’ (युरोपीय हस्तलिखिते) ही अक्षरे असतात. उदाहरणार्थ एल्फिन्स्टनचे कागद ‘एफ ८८’ या क्रमांकाखाली आहेत. वाचकाचे ओळखपत्र विनाशुल्क मिळते. ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यात या ग्रंथालयाच्या संगणकीय सेवा मोठ्या प्रमाणात बंद पडल्या होत्या, म्हणून प्रवासाचे आरक्षण करण्यापूर्वी हवी ती पेटी वाचनकक्षात मिळते का, हे लिहून विचारावे.

दुसरे महत्त्वाचे ठिकाण म्हणजे केंब्रिज विद्यापीठाचे दक्षिण आशिया अभ्यासकेंद्र. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने भारतातून परतलेल्या कुटुंबांकडून पत्रे, आठवणी, छायाचित्रे आणि घरगुती चित्रफिती मागून घेतल्या. अधिकाऱ्यांच्या पत्नींचे कागद येथे विशेष आहेत. ब्रिटनमधील परगण्यांच्या दप्तरखान्यांतही कुटुंबांनी दिलेले गठ्ठे असतात, आणि त्यांचा शोध अधिकाऱ्याच्या मूळ गावावरून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात राहून काम करणाऱ्यांना पत्रांच्या जोडीने वाचायची कागदपत्रे येथेच मिळतात : मुंबईतील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आणि पुण्यातील पेशवे दप्तर. ती कोणत्या कामी येतात हे प्रश्न १२ मध्ये सांगितले आहे.

८. पत्रातले गाव ओळखूच येत नाही. काय करावे?

ऐकू आले तसे इंग्रजीत उतरवण्याची रीत १८७० च्या दशकापर्यंत होती. ‘टाना’ म्हणजे ठाणे, ‘किर्की’ म्हणजे खडकी, ‘बसीन’ म्हणजे वसई. नावे मोठ्याने उच्चारून पाहिली की निम्मी सुटतात. उरलेल्यांसाठी कॅम्पबेलने संपादिलेली मुंबई इलाख्याची गॅझेटियरे, म्हणजे जिल्हावार माहितीचे सरकारी ग्रंथ, उपयोगी पडतात. सातारा व पुणे या जिल्ह्यांचे खंड १८८५ चे आहेत. ‘माल्कम पेठ’ असे शीर्षक असेल तर ते महाबळेश्वर समजावे.

९. पत्राच्या माथ्यावर गावाऐवजी नुसते ‘कॅम्प’ लिहिले आहे. तो अधिकारी तेव्हा कुठे होता?

तो फिरतीवर होता. जिल्ह्याचा अधिकारी पावसाळा संपला की तंबू, घोडे, कारकून आणि दप्तर घेऊन निघे. गावोगाव पिकांची पाहणी, जमाबंदी, फिर्यादींची सुनावणी, कुलकर्ण्यांच्या वह्यांची तपासणी असे काम उन्हाळ्यापर्यंत चाले आणि मृगाच्या आधी तो मुख्य ठाण्यावर परते. गव्हर्नर व त्याचे सचिव यांचे वर्ष वेगळे असे : हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. म्हणजे जुलै महिन्यात मुंबई सरकारच्या सचिवाची पत्नी पुण्याहून लिहीत असेल, तर पतीची बदली झाली असा अर्थ काढू नये.

तंबूचा नेमका मुक्काम काढायचा तर पत्रातील नदी, देऊळ, बाजाराचा वार किंवा जत्रा यांची नोंद करून ती तालुक्याच्या नकाशाशी ताडावी. जत्रेची तिथी मिळाली की पत्राची तारीखही पडताळता येते. फिरतीवरची पत्रे हा या सगळ्या साहित्याचा सर्वांत कसदार भाग आहे, असे आमचे मत आहे. बंगल्यातून लिहिलेल्या पत्रांत क्लब, जेवणावळी आणि बदल्यांच्या वावड्या यांचाच भरणा असतो. तंबूतल्या पत्रांत विहिरींची खोली, आंब्याचा मोहर, पाटलांमधला मानपानाचा तंटा आणि दुष्काळाची पहिली चाहूल सापडते.

१०. अक्षर लागत नाही, ओळींवर आडव्या ओळी आहेत. कसे वाचावे?

कागद व टपालखर्च वाचवण्यासाठी पान भरले की ते काटकोनात फिरवून त्याच्यावरच पुढचा मजकूर लिहीत. कागद डोळ्यांच्या पातळीवर तिरपा धरला, किंवा छायाचित्र घेऊन ते फिरवले, की एका दिशेच्या ओळी उठून दिसतात. २५ डिसेंबर १८९८ पासून साम्राज्यांतर्गत टपालाचा दर अर्ध्या औंसाला एक पेनी, म्हणजे भारतात एक आणा, झाला. त्यानंतर अशी काटकसर करण्याचे फारसे कारण उरले नाही.

तारखांच्या लघुरूपांत ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट.’ म्हणजे मागचा आणि ‘प्रॉक्स.’ म्हणजे पुढचा.

११. पैशांविषयी इतकी रडगाणी का असतात? पगार तर भरपूर होते.

पगार रुपयांत मिळे आणि विलायतेतला घरखर्च पौंडांत असे (एका पौंडाचे वीस शिलिंग, एका शिलिंगाचे बारा पेन्स). १८७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत रुपया जवळपास दोन शिलिंगांचा होता; चांदी उतरत गेली तसा तो घसरून १८९४-९५ मध्ये सुमारे तेरा पेन्सांवर आला, आणि शतकाच्या अखेरीस एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिर करण्यात आला. मुलांच्या शाळेसाठी शंभर पौंड पाठवायला जेथे हजार रुपये पुरत, तेथे वाईट वर्षांत अठराशेच्या वर लागू लागले. १८९३ मध्ये सरकारने युरोपीय अधिकाऱ्यांना विनिमयातील तुटीबद्दल भत्ता दिला, आणि तो भारतीय करदात्याच्या खिशातून गेला, ही गोष्ट त्या पत्रांत सहसा येत नाही. हुंडणावळीचा दर कळल्यावर अनेक कौटुंबिक निर्णयांचा उलगडा होतो : लांबवलेली रजा, मुलीला शाळेतून काढणे, पत्नीचे एकटीने परतणे.

मुलांना दूर ठेवण्याचे कारण मात्र केवळ पैशांचे नव्हते. पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मूल विलायतेला पाठवावे, असा या वर्गात दंडक होता. हवामान, आजार आणि मुलाला इथली भाषा व चालीरीती चिकटण्याची भीती ही त्याची कारणे होती. मुंबईत ३० डिसेंबर १८६५ रोजी जन्मलेल्या किपलिंगला १८७१ मध्ये धाकट्या बहिणीसह साउथसी येथे परक्या घरी ठेवले गेले. अशा मुलांना लिहिलेली पत्रे वाचताना जीव गलबलतो. आई चित्रे काढून माकडांच्या, पोपटांच्या गोष्टी पाठवते आणि मूल हळूहळू तिचा चेहरा विसरत असते.

१२. या पत्रांवर विश्वास किती ठेवावा?

लिहिणाऱ्याने काय पाहिले, काय ऐकले आणि कोणासाठी लिहिले, या तीन गोष्टी वेगळ्या काढल्या तर पुष्कळ ठेवता येतो. कॉलऱ्याची साथ सुरू असताना आईला ‘प्रकृती उत्तम’ आणि भावाला त्याच आठवड्यात मृतांची संख्या, असे चित्र एकाच गठ्ठ्यात आढळते. पत्रे आप्तांमध्ये फिरवली जात, मोठ्याने वाचली जात, कधी स्थानिक वृत्तपत्राकडेही दिली जात. त्यामुळे खासगी पत्र नेहमी खासगीच राहील, अशी लिहिणाऱ्याची अपेक्षा नसे.

ऐकीव माहितीचा धोका १८५७ मध्ये सर्वांत ठळक दिसतो. घरी आलेल्या खासगी पत्रांतील अत्याचारांच्या भयंकर कथा इंग्लंडमधील वृत्तपत्रांनी छापल्या आणि सूडाची मागणी पेटली. युरोपीय स्त्रियांच्या विटंबनेच्या कथांची नंतर विल्यम म्यूर या इंग्रज अधिकाऱ्याने चौकशी केली, तेव्हा त्यांना आधार मिळाला नाही. कित्येक पत्रलेखक त्या ठिकाणी नव्हतेच. त्यांनी ऐकलेले लिहिले, आणि ते लिहिताना त्यांना खोटे बोलायचे नव्हते.

पत्राचा पुरावा म्हणून वापर केल्याने काय ओढवते याचे उदाहरण आपल्या बाजूलाही आहे. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या प्लेग समितीच्या अमलाखाली घरोघर झडत्या चालू होत्या, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढील साक्षीसाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून त्यांना आलेल्या खासगी पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्रात सैनिकांच्या अत्याचारांविषयी निवेदन केले. परत आल्यावर ते आरोप सिद्ध करण्यासाठी कोणी पुढे येईना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. झडत्यांमुळे लोकांवर जुलूम झाला नाही, असा याचा अर्थ नव्हे. पत्रात लिहिणारा माणूस सरकारसमोर बोलायला धजेलच असे नाही, एवढे यावरून कळते, आणि तेच इंग्रज अधिकाऱ्याच्या घरगुती कबुलीजबाबांनाही लागू आहे.

म्हणून या पत्रांसमोर मराठी कागद ठेवावेत. १८४९ पासून ज्ञानप्रकाश, १८६२ पासून इंदुप्रकाश, १८८१ पासून केसरी. शिवाय तालुक्याचे अर्ज, वतनाचे तंटे, खासगी दप्तरे. ज्या दिवशी कलेक्टर ‘रयत समाधानी दिसली’ असे लिहितो, त्याच महिन्यात त्याच तालुक्यातून शेतसारा तहकूब करण्याचा अर्ज गेला आहे का, हे पाहिल्याशिवाय ते वाक्य उद्धृत करू नये. एवढा आग्रह आम्ही धरतो, कारण इंग्रजी पत्र सुवाच्य छापात सहज मिळते आणि मोडीतला अर्ज गठ्ठ्यात पडून राहतो. सोय पाहून लिहिला तर इतिहास एका बाजूचाच होईल.

१३. छापील पत्रसंग्रह वापरला तर चालेल का?

सुरुवातीला चालेल, परंतु उद्धृत करण्यापूर्वी मूळ पत्र पाहावे. छापताना कुटुंबाने काय गाळले, हे पुस्तकावरून कळत नाही. गव्हर्नर जनरल ऑकलंडची बहीण एमिली ईडन हिची पत्रे लिहिल्यानंतर सुमारे पाव शतकाने, १८६६ मध्ये छापली गेली आणि त्यांत माणसांची नावे आद्याक्षरांपुरती ठेवली आहेत. दिल्लीच्या शाहजाद्यांना ठार मारणाऱ्या हॉडसनची पत्रे १८५९ मध्ये त्याच्या भावाने संपादित केली. भावाची कीर्ती राखणे हा त्यामागे हेतू होता, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावीत.

१४. लिहिणारा सरकारी अधिकारी नव्हता, संस्थानाच्या नोकरीत होता. अशी पत्रे यात धरावीत का?

धरावीत, पण वेगळी नोंद करून. इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरली पाती या मराठा संस्थानात तुकोजीराव पवारांचा खासगी सचिव होता. त्याचा धनी भारतीय राजा होता, आणि त्यामुळे त्याने घरी पाठवलेल्या पत्रांत राजवाड्यातील गोकुळाष्टमीच्या उत्सवाचे जे बारकाईचे वर्णन आहे, ते एखाद्या पोलिटिकल एजंटाला, म्हणजे संस्थानातील ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीला, आतून पाहायला मिळणे कठीण होते. ही पत्रे १९५३ मध्ये छापली गेली. मिशनरी, रेल्वेचे अभियंते, चहाचे मळेवाले यांची पत्रेही याच पेट्यांत असतात. त्यांचे हितसंबंध निराळे असल्यामुळे त्यांची साक्ष निराळी तोलावी.

१५. आमचे पणजोबा कलेक्टरच्या कचेरीत किंवा बंगल्यावर कामाला होते. त्यांचे नाव या पत्रांत मिळेल का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि याचे उत्तर देताना वाईट वाटते. बंगल्यावरच्या माणसांचा उल्लेख जवळपास प्रत्येक पत्रात आहे, नावे मात्र क्वचित आहेत. हमाल, घोडेवाला, पट्टेवाला, माळी, भिस्ती, आया, गोव्याकडचा आचारी अशी कामेच त्यांची नावे होऊन बसतात. ज्या आयेने मुलाला तापात रात्रभर मांडीवर घेतले, तिचे नाव आई आपल्या आईला लिहिताना सांगत नाही.

तरीही शोध सोडू नये. पहिली गोष्ट, मुलांना लिहिलेल्या पत्रांत नोकरांची नावे अधिक येतात, कारण मुलांना ती माणसे नावाने आठवत. दुसरी, छायाचित्रांच्या मागे पुष्कळदा नावे लिहिलेली असतात. तिसरी, अधिकारी परत जाताना दिलेली शिफारसपत्रे इकडच्या घरांत टिकून राहिली आहेत. आपल्या घरच्या पेटीत असे पत्र असेल तर अधिकाऱ्याचे नाव, जिल्हा व वर्ष कळते आणि त्यावरून विलायतेतील गठ्ठा शोधता येतो. चौथी, कचेरीतील कारकून, शिरस्तेदार, मामलेदार यांची नोंद सरकारी नेमणुकांच्या याद्यांत होते, त्यामुळे त्यांच्यासाठी घरच्या पत्रांपेक्षा मुंबईचे पुराभिलेख आधी पाहावेत. मराठी शिकवणाऱ्या पंतोजींचा शोध याच दोन वाटांच्या मध्ये लागतो : अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत, आणि त्या दिवसांतील पत्रांत पंतोजी हमखास डोकावतात.

एक सुखद अपवाद सांगण्याजोगा आहे. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याची मुलगी मेरी हिने १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यात आपल्या आयेकडून लोककथा ऐकून लिहून काढल्या आणि १८६८ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या पुस्तकात सांगणारीचे नाव ॲना लिबराटा डिसूझा असे स्पष्ट दिले आहे, आणि तिने सांगितलेली तिची स्वतःची जीवनकथाही छापली आहे. ती वाचली म्हणजे इतर हजारो पत्रांत काय लिहायचे राहून गेले, याची कल्पना येते.

१६. पत्र माझ्या मालकीचे आहे. ते छापण्याचा हक्क माझा आहे ना?

नाही. कागदाची मालकी ज्याच्याकडे पत्र आले त्याची किंवा त्याच्याकडून ते घेणाऱ्याची असते. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा राहतो. ब्रिटिश कायद्यानुसार १९६९ पूर्वी मरण पावलेल्या व्यक्तीचे, १ ऑगस्ट १९८९ पर्यंत अप्रकाशित राहिलेले पत्र सर्वसाधारणपणे २०३९ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे, मग ते १७९० चे का असेना. १९५७ च्या भारतीय कायद्यात सर्वसाधारण मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची आहे, परंतु मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. संशोधनासाठी छोटे अवतरण देणे वेगळे आणि पूर्ण गठ्ठा छापणे वेगळे. पूर्ण गठ्ठा छापायचा तर दप्तरखान्याची व वारसांची परवानगी लेखी घ्यावी.

१७. जुन्या बाजारात अशी पत्रे मिळाली. लिहिणाऱ्याच्या ब्रिटनमधील वंशजांना पाठवू का?

लगेच पाठवू नये. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेले, किमान पंचाहत्तर वर्षे जुने हस्तलिखित किंवा दस्तऐवज पुरावशेषात मोडतो आणि तो खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वंशजांना स्वच्छ छायाचित्रे पाठवावीत, आणि त्यांच्याकडे दुसऱ्या बाजूची पत्रे असतील तर त्यांची छायाचित्रे मागावीत. दोन देशांत विखुरलेला संवाद अशाने पुन्हा जुळवता येतो.

तोपर्यंत तिकिटासाठी पाकीट कापू नये, कारण टपालाच्या शिक्क्यावरच प्रवासाचे दिवस कळतात. पत्र पाकिटातून काढले तर दोन्हींवर पेन्सिलीने एकच क्रमांक घालावा, चिकटपट्टी लावू नये, घड्या जबरदस्तीने सपाट करू नयेत, आणि गठ्ठा ज्या क्रमाने मिळाला तो क्रम मोडण्यापूर्वी त्याची यादी करावी.